इन्स्पेक्टर गेला, हवालदार आला

शिलाई मशीन दुरुस्त झालं की नाही, हे त्या दुकानात कुत्रा ठरवायचा. हसू नका. अख्ख्या गल्लीला हे ठाऊक होतं. बाहेरचे लोक पहिल्यांदा ऐकलं की हसायचेच, आणि मग महिनाभराने स्वतःचं मशीन गाडीवर बांधून मुकाट्याने रांगेत उभे राहायचे.

पद्धत अशी. मिस्त्री मशीन खोलणार, पुसणार, तेल देणार, स्क्रू आवळणार, आणि मग ते लाकडी फळीवर बसवून पायडल मारायला लागणार. मागे चटईवर इन्स्पेक्टर पडलेला. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला, आणि सरकारी माणसाला शोभेल असं सुटलेलं पोट. मशीन सरळ चालायला लागलं की तो लांबलचक उसासा टाकून मान खाली टाकायचा. म्हणजे पास! पण आत कुठे खालून दोरा पकडणारा हुक सुईला केसभर जरी घासत असला, एखादी दांडी सुकी फिरत असली, तर साहेब उठायचे, अंग झटकायचे आणि दाराबाहेर पायरीवर जाऊन बसायचे. नापास. मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो, मिस्त्री निमूटपणे मशीन परत उघडायचे.

"अहो मिस्त्री, तुमच्यापेक्षा कुत्रा हुशार आहे," लोक म्हणायचे.

"म्हणून तर त्याला इन्स्पेक्टर केलंय," मिस्त्री म्हणायचे, "मी अजून मिस्त्रीच आहे."

तसे मिस्त्री काही साधेसुधे नव्हते. त्यांचं नावच पडलं होतं 'कानवाले मिस्त्री'. तरुणपणी सायकलवरून जाता जाता वरच्या मजल्यावरच्या मशिनचा आवाज ऐकून खालूनच ओरडायचे, "वहिनी, तुमची बॉबिन केस ढिली झालीय!" आणि ती खरंच ढिली निघायची. बाकीचे कारागीर मशीन उघडून बिघाड शोधायचे, हे नुसते डोळे मिटून दोन मिनिटं ऐकायचे आणि बरोबर त्याच स्क्रूला हात घालायचे. तीस वर्षं त्या कानांवर घर चाललं, लेक शिकली, पोस्टाच्या खिडकीवर नोकरीला लागली.

आता आतली गोष्ट. ते कान चार वर्षांपूर्वीच गेले होते.

म्हणजे ठार बहिरे नव्हते झाले. समोर बसून बोललात तर सगळं कळायचं. मोटारीची घरघर, दाराचा धाडकन आवाज, हे यायचं. पण बारीक, धारदार आवाज एकेक करून रजेवर गेले. आधी सायकलची घंटी गेली. मग चमच्याची किणकिण. मग पाठीमागून कोणी बोललं तर उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं वाटायला लागलं. आणि एके दिवशी हुक सुईला घासताना होणारं ते बारीक टिक टिक, ज्याच्यावर सगळी मिस्त्रीगिरी उभी होती, तेही गेलं. मिस्त्री मशीन फिरवत राहिले, आत सगळं कसं गुळगुळीत, शांत. आणि इन्स्पेक्टर उठून बाहेर गेला. मिस्त्रींनी पायडल थांबवलं. उघडून बघतात तर सुईवर ओरखडा!

त्या दिवसापासून त्यांचे कान चटईवर झोपायला लागले. वळून बघायचीही गरज नसायची. दुकानाची जमीन होती लाकडी फळ्यांची, तीच फळी मागे स्वयंपाकघरापर्यंत गेलेली. इन्स्पेक्टर उठला की फळी दबायची आणि मिस्त्रींच्या तळपायाला कळायचं. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय जोडी आहे! कुत्रा दारापर्यंत पोचायच्या आधीच मिस्त्रींच्या कपाळाला आठी.

हे त्यांनी कोणाला म्हणजे कोणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. कानवाल्याचे कान गेले, हे कळल्यावर दुकानात कुत्रं तरी येईल का, अशी त्यांना धास्ती. आणि खरं सांगायचं तर मिजासही होती हो! तीस वर्षांची मिजास अशी सहजासहजी खाली उतरते थोडीच.

आणि मग एका दुपारी इन्स्पेक्टर गेला.

चौदा वर्षांचा झाला होता, थकला होता, सगळ्यांना दिसत होतं. मिस्त्री एक मशीन चालवून बघत होते. इन्स्पेक्टरने लांबलचक उसासा टाकला आणि मान खाली ठेवली. मिस्त्रींना वाटलं, पास. त्यांनी मशीन पुसलं, गिऱ्हाइकाच्या हवाली केलं. चहाची वेळ झाली तरी साहेब उठेनात, तेव्हा ते वळून जवळ गेले. तो उसासा मशिनसाठी नव्हता.

मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीखाली त्याची आवडती जागा होती. ओल्या चादरींच्या सावलीत तो दुपार काढायचा. तिथेच खड्डा खणला. मिस्त्रीणबाई, म्हणजे त्यांची बायको, आयुष्यभर लोकांच्या पँटी आखूड करत आली, त्या कापलेल्या तुकड्यांची तिने एक गोधडी केली होती. त्यात त्याला गुंडाळलं. लेक पोस्टातून अर्धी रजा टाकून आली आणि दारातच मटकन खाली बसली. मिस्त्री लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. पण रडता रडता मनात एक चोर विचार शिरलाच, आता माझं कसं होणार? ज्या जीवाने चौदा वर्षं सोबत केली त्याच्यावर माती लोटताना आपल्याला आपल्या पोटाची पडलीय, याची त्यांना इतकी लाज वाटली की ते आणखी रडले.

पुढचे तीन आठवडे मिस्त्रींनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. पट्टा बदलायचा, पायडल सांधायचं, अशी डोळ्यांनी दिसणारी कामं ते आनंदाने घ्यायचे. आवाजाची तक्रार आली की, "दोन दिवस ठेवून जा, बघतो." मग सगळे स्क्रू उघडा, सगळे लावा, देवाचं नाव घ्या आणि द्या पाठवून. दोन मशिनं परत आली. मिस्त्री दाढी करायचे विसरायला लागले. मिस्त्रीणबाईंना वाटायचं, कुत्र्याचं दुःख आहे. होतंच. पण नुसतं दुःख नव्हतं, धाबं दणाणलं होतं.

एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत ते लेकीला म्हणाले, "नवं पिल्लू बघ एखादं."

लेकीचे डोळे लकाकले. मिस्त्रीणबाईंचा चेहरा मात्र उतरला.

"इतक्यात? अहो, दोरीखालची माती अजून बसली नाही."

"दुकान खायला उठतं गं."

"मग उठू दे की थोडे दिवस. जुनी सुई मोडली की दुसरी लावायची, तसं आहे का हे? मी सांगून ठेवते, मी त्याच्याकडे बघणारसुद्धा नाही."

पण लेक कुठली ऐकते! ती तोवर फोन कानाला लावून अंगणात पोहोचलीसुद्धा होती. रस्त्यावरची बेवारस कुत्री सांभाळणारं एक ठिकाण तिच्या पोस्टाच्या वाटेवर होतं. रविवारी ये, म्हणाले.

तो आठवडा मिस्त्रींचा पाय जमिनीवर ठरेना. दाढी रोज व्हायला लागली. चटई धुतली, वाळवली, परत धुतली. "वास राहता कामा नये, नव्या माणसाला अवघडल्यासारखं होतं," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी दुकान धुऊन काढलं. शनिवारी तर कमालच केली. माळ्यावरची पडीक मशिनं खाली काढून आठ मशिनं भिंतीला ओळीने लावली. चार ठणठणीत, चार मुद्दाम बिघडवलेली.

"हे काय? परीक्षेचा हॉल उघडला की काय?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं.

"तयारी नको का!"

रविवारी लेक आली ती कापडी पिशवी छातीशी धरून. पिशवीतून आधी एक गुलाबी नाक आलं, मग दोन पांढरे कान, मग पिशवीच उलटी झाली आणि एक पांढराशुभ्र गोळा फळ्यांवर घरंगळला. नखशिखांत पांढरा. फक्त मागच्या मांडीवर एक तपकिरी डाग, कोणीतरी इस्त्री ठेवून विसरलं असावं तसा.

"बाबा, तुला सांगते, तिथे तीस कुत्री नुसती बोंबलत होती. छप्पर उडायचं बाकी होतं. आणि हा पठ्ठ्या सगळ्यांच्या मधोमध उताणा झोपलेला! ढिम्म! सांभाळणारा म्हणाला, इतका शांत जीव मी पाहिला नाही."

"वा!" मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "डोकं थंड पाहिजे. या कामाला हेच लागतं!"

थंड डोक्याच्या त्या जीवाने पहिल्या पाच मिनिटांत तेलाची बुधली लवंडली. दहाव्या मिनिटाला निळ्या दोऱ्याचं अख्खं रीळ तोंडात धरून तो जो सुटला तो आठही मशिनांच्या पायांतून, स्टुलाखालून, लेकीच्या पायांभोवतून, थेट स्वयंपाकघरात. दुकानभर निळं जाळं. लेक हसून हसून खाली बसली, मिस्त्री कात्री घेऊन दोरा कापत त्याच्या मागे, "अरे थांब, अरे लबाडा!" आणि ज्या बाई त्याच्याकडे बघणारसुद्धा नव्हत्या, त्यांच्या पायाला तीन वेढे देऊन हा त्यांच्या चपलेवर डोकं ठेवून झोपलासुद्धा.

मिस्त्रीणबाई खाली बघत राहिल्या. खूप वेळ बघत राहिल्या.

"याचं नाव इन्स्पेक्टर नाही ठेवायचं," त्या म्हणाल्या. "ते नाव संपलं. आणि पहिल्याच दिवशी एवढं मोठं पद कोणी देतं का? आधी हवालदारी करू दे."

झालं. हवालदार कामावर रुजू झाला.

सोमवारी सकाळी परीक्षा. मिस्त्रींनी हवालदाराला चटईवर बसवलं आणि पहिलं, चांगलं मशीन चालवलं. हवालदार मान टाकून झोपला. "शाब्बास!" आता दुसरं, बिघडवलेलं. हवालदार घोरतोय. तिसरं, त्याहून बिघडवलेलं. हवालदाराने कूस बदलली. मग मिस्त्रींनी ठेवणीतलं काढलं, ज्याची दांडी तीन वर्षं तेलावाचून होती. मिस्त्रीणबाई आतून कानांवर हात ठेवून धावत आल्या, "अहो, बंद करा ते! दात आंबले माझे!" समोरचा न्हावी वस्तरा हातात धरून दारात आला. आणि हवालदार? पाय वर, पोट वर, स्वप्नात शेपूट हलवतोय.

"सगळ्यांना पास करतोय की हा," लेक म्हणाली. "असा मास्तर मला शाळेत का नाही मिळाला!"

सगळे हसले. मिस्त्रीही हसले. पण त्यांच्या बनियनला घाम फुटला होता. लहान आहे, शिकेल, असं ते दिवसभर मनाला समजावत राहिले.

मंगळवारी पडदेवाल्या बाई आल्या. मिस्त्रींचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. नाट्यगृहाचा मोठा पडदा शिवायचं काम त्यांना मिळालं होतं, मखमलीचा, दुमजली घराएवढा. शनिवारी तो टांगायचा होता आणि मंगळवारी त्यांचं जाड कापडाचं अवजड मशीन टाके सोडायला लागलं होतं. आयुष्यातलं सर्वांत मोठं काम, त्यात ही कटकट. बाईंचा जीव टांगणीला.

"मिस्त्री, आता सगळं तुमच्या कानांवर आहे," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी दुपारभर काम केलं. हुक बसवला, सुई बदलली, ताण बघितला. मग पायडल मारलं. आवाज छान, भरदार, गुळगुळीत. म्हणजे त्यांना तसा आला. आणि तेवढ्यात अंगणात माती उकरत असलेला हवालदार आपण होऊन आत आला, चटईवर गोल फिरला, आडवा झाला आणि त्याने उसासा टाकला. लांबलचक. हुबेहूब तसाच! मिस्त्रींचे डोळे भरून आले. मनात कुठेतरी ठाऊक होतं की हा सगळ्यांनाच पास करतो. पण माणसाला हवं तेव्हा हवं ते दिसतं. त्यांनी मशीन पाठवून दिलं.

बुधवारी संध्याकाळी ते परत आलं. तीन सुया मोडल्या होत्या आणि मखमलीला बोटभर धागा ओढला गेला होता. पडदेवाल्या बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रडवेल्या झाल्या होत्या.

"मिस्त्री, अहो टिक टिक टिक टिक वाजतंय, रस्त्यावरच्या माणसाला ऐकू येतंय! तुम्ही ऐकलं नाहीत का?"

मिस्त्रींनी मोडक्या सुया तळहातावर घेतल्या.

"उद्या दुपारपर्यंत बघते. नाहीतर मला दुसरीकडे न्यावं लागेल. वीस वर्षांत कधी नेलं नाही हो, पण माझा नाइलाज आहे."

त्या गेल्या आणि मिस्त्री मशिनसमोर बसून राहिले. हे मशीन दुसऱ्याच्या दुकानात गेलं की तिथला कारागीर एका फेऱ्यात ते टिक टिक ऐकणार, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला कळणार. मग फळीवर ठेवायला मशीन नाही आणि बसायला दुकान नाही.

गुरुवारी सकाळी ते मशिनवर वाकलेले होते. हवालदार पाठीमागच्या चटईवर. मिस्त्री पायडल मारत होते, थांबत होते, परत मारत होते. काही केल्या त्यांना काही ऐकू येत नव्हतं. तेलाच्या बुधलीसाठी त्यांनी हात मागे नेला, म्हणून मान वळली.

स्वयंपाकघराच्या दारात लेक उभी होती. तोंडात शिट्टी, गाल फुगलेले, चेहरा लालबुंद. शेजारी मिस्त्रीणबाई, दोन्ही कानांत बोटं. रस्त्यावर एक सायकलवाला ब्रेक मारून आत डोकावत होता आणि समोरच्या न्हाव्याचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकसुद्धा दारात आलं होतं. हवालदार झोपलेला होता. पण हवालदाराकडे कोणीच बघत नव्हतं. सगळे मिस्त्रींकडे बघत होते.

लेकीने तोंडातून शिट्टी काढली.

"बाबा, मी तीन वेळा वाजवली."

मिस्त्रीणबाईंनी पुढे होऊन दुकानाचं दार लोटलं. मग येऊन त्यांच्या समोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून. "पिल्लू बहिरं आहे का बघत होतो," त्या हळूच म्हणाल्या. "हाका मारून येत नव्हतं म्हणून. पिल्लू बघत होतो आम्ही."

मिस्त्रींनी पायडलवरून पाय काढला. शेवटी म्हणाले, "चार वर्षं झाली."

वाटलं होतं, ती म्हणेल, अरेरे. निदान पाठीवर हात ठेवेल. कसलं काय! मिस्त्रीणबाईंचा तिळपापड झाला.

"चार वर्षं? चार वर्षं मी आतून बोलत होते, आणि तुम्ही हूं नाही की चूं नाही! माझी बहीण आजारी पडली तेव्हा मी सांगितलं, तुम्ही पायडल मारत राहिलात. मला चक्कर आली होती ते सांगितलं, तुम्ही तेल घालत राहिलात. मला वाटलं, या माणसाला आपला कंटाळा आला. म्हटलं, असेल, तीस वर्षांनी येत असेल. मग मी बोलणंच सोडलं. इन्स्पेक्टरशी बोलायला लागले. तो निदान कान तरी टवकारायचा!"

"मला वाटलं," मिस्त्री अडखळले, "हल्ली तूच कमी बोलतेस."

लेक तोंडावर हात ठेवून भिंतीला टेकली होती. कान गेल्याचं मिस्त्रींना चार वर्षांत इतकं वाईट वाटलं नव्हतं जितकं त्या क्षणी वाटलं. दुकान सांभाळायच्या नादात त्यांनी काय हरवलं होतं, ते आत्ता समोर बसून डोळे पुसत होतं.

"मला माफ कर गं," ते म्हणाले. "मला भीती वाटायची."

"वेडे आहात," मिस्त्रीणबाई म्हणाल्या आणि पदराला नाक पुसत उठल्या. "सरका तिकडे. मी चालवते. मला ऐकू येतं, मी सांगते कुठे घासतंय ते. बाईंचा पडदा व्हायला पाहिजे शनिवारी."

आणि त्या रागारागाने पायडल मारायला लागल्या. तीस वर्षं पँटी आखूड करणारी बाई, पायात काय जोर! अवजड मशीन धडधडायला लागलं, फळ्या हादरल्या. चटईवरून हवालदार ताडकन उठला. आवाज नव्हता आला त्याला, जमीन हलली होती. तो धावत आला, पुढचे दोन पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर ठेवून उभा राहिला आणि त्याने मशिनच्या लाकडी फळीवर हनुवटी टेकवली. आणि सुई खाली गेली की त्याची मिशी थरथरली. परत सुई खाली, परत मिशी. दर फेऱ्याला एकदा.

मिस्त्री बघत राहिले.

"थांबू नकोस," ते म्हणाले. "मारत राहा!"

आणि ते गुडघ्यांवर बसले, वाकले, आणि त्यांनीही हवालदाराच्या शेजारी फळीवर हनुवटी टेकवली. आधी नुसती धडधड. मग डोळे मिटले, आणि धडधडीच्या आत, जबड्यातून दातांत, दातांतून डोक्यात, बारीक, धारदार, ओळखीचं... टिक. टिक. टिक.

"आहे!" मिस्त्री ओरडले. "आहे गं! मला येतंय! दातात येतंय! डाव्या अंगाला हुक घासतोय, खालून वर येताना!"

"बरोबर!" मिस्त्रीणबाई ओरडल्या. "मला पण तिथूनच येतंय!"

मग काय विचारता! घरात जत्रा भरली. मिस्त्री हुक काढतायत, लेक बॅटरी धरतेय, मिस्त्रीणबाई पायडलवर, हवालदार सगळ्यांच्या मधून उड्या मारतोय. केसभर सरकवला, हनुवटी टेकवली, अजून टिक. परत सरकवला, परत टेकवली, जरासा टिक. पाचव्या खेपेला मिस्त्रींनी हनुवटी टेकवली आणि ते तसेच राहिले. नुसती भरदार, गोल धडधड. त्यांनी डोळे उघडून बायकोकडे बघितलं. तिने मान डोलावली. शेजारी हवालदाराची मिशी स्वस्थ होती.

बरोबर त्याच वेळी पडदेवाल्या बाई दार ढकलून आत आल्या. बघतात तर मिस्त्री आणि पिल्लू शेजारी शेजारी हनुवट्या टेकून, डोळे अर्धवट मिटून.

"हे काय चाललंय?"

मिस्त्री उठले. गुडघे झटकले. आता खोटं बोलायचं तर शंभर बहाणे होते. त्यांनी एकही वापरला नाही.

"बाई, माझे कान गेलेत. चार वर्षं झाली. मंगळवारी मला ते टिक टिक ऐकूच आलं नव्हतं. चूक माझी आहे, मखमल खराब झाली तीही माझ्यामुळे. आता ही ऐकते आणि मी हनुवटीने बघतो. मशीन चालवून बघा. पटलं नाही तर खुशाल दुसरीकडे न्या."

पडदेवाल्या बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, पिल्लाकडे बघितलं.

"चार वर्षं? मग इतके दिवस माझं मशीन कोण तपासत होतं?"

"इन्स्पेक्टर."

बाईंनी मान वळवली. मागच्या दारातून अंगणातली दोरी दिसत होती, तिच्याकडे बघत म्हणाल्या, "छान तपासायचा हो."

मग बसल्या आणि मखमलीचा तुकडा सुईखाली घालून त्यांनी हातभर शिलाई मारली. उलटवून बघितली. परत हातभर मारली. "गाडीवर चढवायला हात लावा," त्या म्हणाल्या, "मला शनिवारपर्यंत झोपायचं नाहीये."

शनिवारी पडदा टांगला गेला. ओढला गेलेला धागा त्यांनी शिवणीच्या आत असा दाबला होता की शोधून सापडेना. आणि गल्लीला तर गुरुवारीच कळलं होतं, न्हाव्याच्या दुकानासमोर शिट्टी वाजल्यावर काय लपतं! मिस्त्रींना ज्या दिवसाची चार वर्षं धास्ती होती तो दिवस आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी दुकानात नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. प्रत्येकाला मिस्त्रींची हनुवटी बघायची होती. लेकीने कानांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर म्हणाले, यंत्र लागेल, महिनाभरात मिळेल, बोलणं ऐकू येईल, बारीक टिक टिक मात्र सांगता येत नाही. "ते आमचं आम्ही बघू," मिस्त्री म्हणाले.

जनावरांच्या डॉक्टरांनी हवालदारासाठी वेगळी युक्ती सांगितली. त्याला हाक ऐकू येणार नाही, पण जमीन कळेल. जेवायला बोलवायचं तर टाचेने फळीवर दोनदा ठोका. दोन ठोके म्हणजे ये. आठ दिवसांत पठ्ठ्या शिकला.

परवा दुपारची गोष्ट. मिस्त्री मशिनवर वाकलेले, हवालदार चटईवर. मिस्त्रीणबाईंनी आत हवालदाराचं ताट वाढलं आणि टाचेने फळीवर ठोकलं. धप, धप. हवालदार उठून वाऱ्यासारखा आत पळाला. आणि त्याच्या मागोमाग, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन, मिस्त्रीही दारात येऊन उभे.

"अहो, तुम्हाला नाही, त्याला बोलावलं."

"मला पायात ऐकू आलं," मिस्त्री म्हणाले.

मिस्त्रीणबाईंनी ताट हवालदारापुढे सरकवलं. मग हसू दाबत म्हणाल्या, "आलाच आहात तर बसा. बरंच सांगायचं राहिलंय."

"किती?"

"चार वर्षांचं."

मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला, स्टूल ओढलं आणि तिच्या अगदी समोर बसले.